दोन उड्या

गेल्या महिन्यांत एका संध्याकाळीं आमच्या घरीं जो प्रसंग घडला, तसा तो वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं घडत असेल किंवा उद्यां घडेल, असें वाटल्यावरून त्यास या सदरांत जागा देत आहों. मातोश्री गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया काढावयास गेल्या होत्या. आमचें घर व शेजारचें घर यांच्यामध्यें एक अरुंद बोळ आहे. त्या बोळाच्या बाजूच्या कठड्यावर धाकट्या बंधूंचा चौदा वर्षांचा मुलगा उभा असलेला त्यांनीं पाहिला. त्यांच्या तोंडून हांक निघण्यापूर्वींच त्यानें उडी घेतली, आणि तो पलीकडच्या कठड्यावर जाऊन उभा राहिला. खालीं तीन मजल्यांची पोकळी आणि पलीकडे नऊ इंच रुंदीची वीट! मातोश्रींच्या हातांतील परात खालीं पडली आणि त्या आवाजानें सारें घर वर धांवलें.

पुढें काय झालें असेल हें सांगावयास नको. त्याची आई रडूं लागली, बंधूंनीं हात उगारला, मोबाइल कुलुपांत गेला. या सर्व गडबडींत मुलगा एक शब्दहि बोलला नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मात्र तो आमच्या खोलींत आला व म्हणाला, "काका, तुम्हींच मला तो जुना मूकपट दाखविलात. त्यांतला माणूस एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उडी मारतो, तेव्हां तुम्ही पोट धरून हंसलांत. त्यानें मारली तर करमणूक आणि मीं मारली तर उनाडपणा, असें कां?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. खरोखरीच्या जिज्ञासेचा होता, आणि त्याचें उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें. 'मोठे सांगतात म्हणून' हें उत्तर देतां आलें असतें, परंतु त्यानें मुलाचें तोंड बंद होतें, पाय बंद होत नाहींत. म्हणून आम्हीं त्याच्याकडून मुदत मागून घेतली. महिनाभर रोज तासभर त्याच्याशेजारीं बसून तो जें जें पाहतो तें तें पाहिलें, आणि या उड्यांच्या विद्येची पूर्वपीठिकाहि धुंडाळली. त्यांतून जें हातीं लागलें तें असें.

या विद्येस 'पार्कूर' असें नांव असून तें 'मार्ग' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलें आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातांना भिंत, कठडा, जिना, खड्डा असें जें कांहीं आड येईल, तें कोणत्याहि साधनावांचून, केवळ स्वतःच्या हातापायांच्या बळावर आणि शक्य तितक्या थोडक्या श्रमांत ओलांडून जावयाचें, एवढेंच तिचें सूत्र. 'फ्री-रनिंग' ही तिची धाकटी बहीण. तिच्यांत कोलांट्या व गिरक्या यांना मोकळीक असून डोळ्यांस सुखविणें हाहि तिचा हेतु असतो.

आमच्या समजुतीप्रमाणें हें सारें सिनेमाचें खूळ असावयास पाहिजे होतें. पण तिचें मूळ करमणुकींत नसून संकटांत आहे. १९०२ सालच्या मे महिन्यांत कॅरिबियन समुद्रांतील मार्टिनिक या फ्रेंच बेटावर पेले या ज्वालामुखीचा स्फोट झाला. सां-पिएर हें भरभराटीचें शहर कांहीं मिनिटांत भस्मसात् झालें आणि सुमारें ३०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. जॉर्ज एबेर हा सत्तावीस वर्षांच्या आंतबाहेरचा फ्रेंच नौदलांतील अधिकारी त्या वेळीं तेथें होता. सुमारें ७०० माणसांच्या सुटकेशीं त्याचें नांव जोडलें जातें. या अनुभवानें त्याच्या मनावर एक गोष्ट ठसली कीं, बलवान व्हावयाचें तें उपयोगी पडण्यासाठीं; आपत्कालीं ज्या बळानें कोणाचा जीव वांचत नाहीं, तें बळ नुसतें मिरविण्याचें. पुढें त्यानें 'नैसर्गिक पद्धति' या नांवाची व्यायामपद्धति घडविली. तींत चालणें, धांवणें, उडी मारणें, हातापायांवर चालणें, चढणें, तोल सांभाळणें, फेंकणें, उचलणें, स्वसंरक्षण आणि पोहणें असे दहा विभाग होते. फ्रेंच सैनिकांना अडथळे ओलांडण्याचें जें शिक्षण मिळे, त्यावर या पद्धतीची छाप पडली.

हा वारसा पुढें ज्याच्या हातीं आला तो एक अनाथासारखा वाढलेला मुलगा होता. रेमों बेल हा १९३९ सालीं त्या वेळच्या फ्रेंच इंडोचायनांत, म्हणजे आजच्या व्हिएतनामांत जन्मला. युद्धाच्या धामधुमींत आईबापांपासून त्याची ताटातूट झाली व तो एका सैनिकी शाळेंत वाढला. तेथें दुर्बळाचा निभाव लागत नसे. म्हणून इतर मुलें निजलीं असतां हा रात्रीं उठून धांवे, चढे, उड्या मारी. मोठेपणीं तो पॅरिसच्या अग्निशामक दलांत दाखल झाला. १९६९ सालीं नोत्र-दाम या प्रसिद्ध देवळाच्या उंच सुळक्यावर कोणीं लावलेलें निशाण काढावयाचें होतें, तेव्हां हेलिकॉप्टरमधून दोरानें खालीं सोडलेला जवान हाच. त्याचा मुलगा दाविद बेल याचा जन्म १९७३ चा. बापाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या या मुलानें पॅरिसजवळच्या लीस या वस्तींत सेबास्तियें फुकां व इतर सोबत्यांबरोबर ही विद्या आजच्या रूपास आणली. या तरुणांच्या गटानें १९९७ मध्यें 'यामाकासी' हें नांव धारण केलें. तें काँगोंतील लिंगाला भाषेंतलें असून बळकट देह, बळकट मन, बळकट माणूस असा त्याचा भाव आहे. एक नाविक, एक पोरका मुलगा, एक आग विझविणारा जवान: अशी ही परंपरा. यांतील कोणीहि टाळ्यांसाठीं उडी मारली नव्हती.

टाळ्या आल्या त्या चित्रपटांमुळें. पण चित्रपटांतील उडी पार्कूरपेक्षां पुष्कळ वडील आहे. डग्लस फेअरबँक्स १९२० सालच्या 'मार्क ऑफ झोरो'मध्यें भिंतींवरून व छपरांवरून असा कांहीं धांवला कीं, साऱ्या जगाला त्याचें वेड लागलें. आपल्याकडे मूकपटांच्या काळीं ज्यांना हिंदुस्थानचे फेअरबँक्स म्हणत, ते मास्टर विठ्ठल हे आपल्या महाराष्ट्राचेच. पुढें १९३१ मध्यें 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटाचे नायकहि तेच झाले. १९३५ च्या 'हंटरवाली'नें प्रसिद्धीस आलेली नादिया १९३६ सालीं 'मिस फ्रंटियर मेल'मध्यें आगगाडीच्या टपावर मारामारी करतांना दिसली, तेव्हां आमच्या आजोबांच्या पिढीनेंहि चवल्या-पावल्या खर्चून ती गंमत पाहिलीच असेल. तेव्हां आजच्या मुलांनाच हें वेड लागलें, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

आतां आमच्या पुतण्यानें ज्या मूकपटाचा दाखला दिला, त्याची गोष्ट. तो बस्टर कीटन याचा १९२३ सालचा 'थ्री एजेस'. कथेच्या योजनेप्रमाणें कीटननें एका इमारतीच्या माथ्यावरून दुसरीच्या माथ्यावर सुखरूप पोंचावयाचें होतें. प्रत्यक्षांत त्याची उडी कमी पडली, बोटें कडेला लागून निसटलीं आणि तो खालीं कोसळला. प्रेक्षकांस न दिसणारें जाळें खालीं बांधलेलें होतें म्हणून निभावलें; तरी तो चांगलाच शेकून निघाला व कांहीं दिवस त्याला अंथरुणांत काढावे लागले. नंतर टिपलेली फीत पाहतां ती चूकच त्याला इतकी आवडली कीं, त्यानें कथा बदलली. पडणारा माणूस खिडक्यांवरील कापडी छतांतून आरपार जातो, पन्हळीच्या नळाला लटकतो आणि अखेर अग्निशामक ठाण्यांत जाऊन पोंचतो, असा पुढचा भाग त्यानें जोडला. म्हणजे ज्याला आम्ही पोट धरून हंसलों, तें एका खऱ्याखुऱ्या चुकलेल्या उडीचें चित्र होतें! त्याच वर्षींच्या 'सेफ्टी लास्ट'मध्यें हॅरॉल्ड लॉइड भिंतीवरील घड्याळाच्या कांट्याला लोंबकळतो, तेथेंहि चौकटीच्या बाहेर, त्याच्या पायांखालीं, गाद्या अंथरलेला मंच होता. हें आम्ही पुतण्याला वाचून दाखविलें, तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जाळें दाखवीत कां नाहींत?" याचें उत्तर सोपें आहे: जाळें दाखविलें तर छातींत धडकी भरत नाहीं, आणि धडकीसाठींच तर प्रेक्षक पैसे मोजतो.

नव्या काळाकडे वळतां, २००२ सालीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें आपल्या कार्यक्रमांची एक लहानशी जाहिरात दाखविली. तींत दाविद बेल हा लंडनमधील कचेरींतून सुटल्यावर रस्त्यांतील गर्दी टाळून छपरांवरून धांवत, भिंती ओलांडीत घरीं जातो. कशासाठीं? तर आवडता कार्यक्रम चुकूं नये म्हणून! जी विद्या आगींतून माणसें काढण्याच्या ध्येयानें जन्मली, तिची परिणति दूरदर्शन-यंत्रासमोरच्या आरामखुर्चींत व्हावी, हा विनोद जाहिरात करणाऱ्यांच्या लक्षांत आला होता कीं नाहीं कोण जाणे.

त्याच्या आदल्या वर्षीं 'यामाकासी' याच नांवाचा फ्रेंच चित्रपट निघाला होता. दाविद बेल व फुकां हे दोघेहि तोंपर्यंत गटांतून बाहेर पडले असल्यामुळें तींत नाहींत. त्या चित्रपटाचें कथानक मात्र प्रत्येक आईबापानें ऐकावें असें आहे. या तरुणांची नक्कल करूं पाहणारा एक लहान मुलगा झाडावर चढतो व त्याचा जीव धोक्यांत येतो. त्याचें हृदय बदलणें हाच उपाय उरतो. त्यासाठीं लागणारा पैसा उभा करण्याकरितां हे तरुण धनिक डॉक्टरांच्या घरांत शिरून चोऱ्या करतात. चोरीचें समर्थन आम्हांस मान्य नाहीं. पण अनुकरणाची जबाबदारी ज्याचें अनुकरण होतें त्याच्यावरहि येते, हें कथेच्या अगदीं आरंभींच कबूल करणारा असा चित्रपट विरळा.

२००४ चा 'बानलिय १३' आणि २००६ चा 'कॅसिनो रोयाल' यांनीं ही विद्या जगभर नेली. दुसऱ्या चित्रपटांतील पाठलाग आम्हीं तीन वेळां पाहिला. पळणारा गुन्हेगार म्हणजे स्वतः फुकां. त्याच्यामागें हेर जेम्स बाँड. अर्धवट बांधलेल्या इमारतींतून आणि यारींच्या दांड्यांवरून दोघे धांवतात. एके ठिकाणीं फुकां भिंतीच्या माथ्यावरील लहानशा फटींतून माशासारखा सुळकन् निघून जातो. बाँड मात्र ती पातळ भिंत अंगानें फोडून आरपार येतो. पुतण्यानें विचारलें, "यांत खरा कोण?" आम्ही म्हटलें, "कथेंत जिंकणारा दुसरा. पण विद्या पहिल्याची. अडथळ्याला न दुखवतां आणि स्वतः न दुखतां जो पलीकडे जातो, तो शिकलेला."

संगणकावरील खेळांचीहि हीच कथा आहे. १९८९ सालीं 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ निघाला. त्याच्या कर्त्यानें आपल्या धाकट्या भावाला धांवावयास व उड्या मारावयास सांगून त्याचीं चित्रें घेतलीं होतीं, आणि त्यांवरून आपल्या राजपुत्राची प्रत्येक हालचाल रेखाटली होती. म्हणूनच त्या राजपुत्राला माणसासारखें वजन आहे. फार उंचावरून पडला तर तो मरतो. २००७ मध्यें निघालेल्या 'असॅसिन्स क्रीड'मधील धर्मयुद्धांच्या काळचा नायक मात्र जेरुसलेम व दमास्कस येथील उत्तुंग मनोऱ्यांवरून थेट गवताच्या गाडींत उडी घेतो आणि कपडे झटकून चालूं लागतो. अशा उंचीवरून पडणाऱ्या हाडांना गवत वांचवीत नाहीं. गुडघ्यांत वांकून, खांद्यावरून लोळण घेऊन धक्का सर्वांगांत वांटून देण्याची जी खरी युक्ति पार्कूरमध्यें शिकवितात, तिलाहि मर्यादा असते. आणि ती मर्यादा मनोऱ्यापेक्षां कितीतरी ठेंगणी आहे.

सत्याशीं प्रामाणिक राहिलेला एक नट आम्हांस आढळला, तो हाँगकाँगचा जॅकी चॅन. त्याच्या अनेक चित्रपटांच्या अखेरीस फसलेल्या उड्या, आपटलेलीं अंगें, उचलून नेलेलीं माणसें हीं सर्व दाखविलेलीं असतात. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळीं युगोस्लाव्हियांत झाडावर घेतलेली उडी चुकून त्याची कवटी फुटली होती व तो मरतां मरतां वांचला. त्याचप्रमाणें टॉम क्रूझ या नटानें २०१७ सालीं लंडनमध्यें दोन इमारतींमधील उडी घेतांना घोटा मोडून घेतला, आणि चित्रीकरण कित्येक आठवडे थांबलें. त्याच्या अंगाला तर सुरक्षेचे दोर बांधलेले होते! पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या चित्रपटांत ती उडी तशीच ठेविली आहे. दोर मात्र पुसून टाकले आहेत.

आजपर्यंत या विद्येला राजमान्यताहि मिळाली आहे. ब्रिटननें २०१७ च्या जानेवारींत पार्कूरला खेळ म्हणून मान्यता दिली, आणि २०२२ सालीं टोकियो येथें तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेव्हां 'हें रिकामटेकड्यांचें काम' असें म्हणून बाजूला सारण्याचा मार्गहि वडीलधाऱ्यांना उरलेला नाहीं. प्रश्न विद्येचा नाहींच. चित्रपट उडी दाखवितो, पण उडीमागचीं वर्षें कापून टाकतो, हा खरा प्रश्न आहे. कात्री लावणारा तें मुद्दाम फसवणुकीनें करीत नाहीं; शंभर वेळां तीच पायरी उतरणारा मुलगा पाहावयास कोण बसेल? परंतु पाहणाऱ्या मुलाला वाटतें कीं, उडीला फक्त धैर्य लागतें. आणि धैर्य तर त्याच्यापाशीं भरपूर असतें.

महिना संपल्यावर आम्हीं पुतण्याला उपदेश केला नाहीं. फुटपट्टी व खडू घेऊन त्याला गच्चीवर नेलें आणि बोळाची रुंदी मोजविली. ती साडेपांच फूट भरली. मग खालीं अंगणांतील फरशीवर नऊ इंच रुंदीचे दोन पट्टे साडेपांच फुटांच्या अंतरानें आंखविले, आणि सांगितलें, "यावरून त्यावर शंभर उड्या मार. दोन्ही पाय पट्ट्यांत राहिले पाहिजेत, आणि राहिल्यावर तोल जातां कामा नये. घाई नाहीं; चार दिवस घे." चौथ्या संध्याकाळीं तो कागद घेऊन आला. त्र्याण्णव उड्या बरोबर पडल्या होत्या. सात चुकल्या होत्या. त्यानें स्वतःच हळू आवाजांत म्हटलें, "म्हणजे सात वेळां मी बोळांत पडलों असतों."

आम्हांला जें सांगावयाचें होतें तें फरशीनेंच सांगितलें. परंतु मुलाची खरी समजूत घातली ती मातोश्रींनीं. त्या दिवशीं दिवेलागणीला रामरक्षा म्हणून झाल्यावर त्यानें त्यांना छेडलें, "आजी, मारुतीनें एवढा समुद्र ओलांडला, त्याला कां कोणी रागावलें नाहीं?" मातोश्री म्हणाल्या, "रागावलें नाहीं कसें? लहानपणीं फळ समजून सूर्यावर झेंप घेतली, तेव्हां इंद्राचें वज्र खाऊन हनुवटी मोडून घेतली त्यानें. समुद्रावरची उडी पुष्कळ नंतरची. ती सीतामाईच्या शोधासाठीं होती, आणि जांबवंतासारख्या वडीलधाऱ्यानें त्याला त्याच्या बळाची आठवण करून दिल्यावर मारलेली होती."

एबेरनें ज्वालामुखीच्या राखेंत जो बोध घेतला, तोच आमच्या मातोश्रींना रामायणांतून मिळाला होता. पहिल्या उडीबद्दल आम्ही सर्वांनीं मिळून मुलाला शासन केलें, तें चुकीचें होतें असें म्हणवत नाहीं. पण जांबवंताचें काम आमच्यापैकीं कोणीं केलें होतें? मुलाच्या पायांत बळ आलें आहे हें घरांत कोणाच्या ध्यानींच आलें नव्हतें. तें त्यानें तीन मजल्यांवरून आम्हांस दाखवून दिलें. मुलांना मोबाइलपासून दूर ठेवण्याचा विचार ज्या घरांत चालला असेल, तेथें इतकेंच सुचवितों कीं, कुलूप लावण्यापूर्वीं एकदां त्यांच्याशेजारीं बसून तीं काय पाहतात तें पाहावें, आणि चौकटीबाहेरचें जाळें त्यांना दाखवून द्यावें. तें काम चित्रपट करणार नाहीं. तें घरच्यांनींच करावयाचें आहे.

शनिवारपासून पुतण्या जवळच्या व्यायामशाळेंत मल्लखांब शिकावयास जाऊं लागला आहे. अंगणांतले पट्टे पावसानें एकदां पुसले गेले, ते त्यानें पुन्हां आंखले. संध्याकाळीं तो उड्या मारतो, आणि त्या दिवशीं गच्चीवर बसून रडणारी त्याची आई आतां पायरीवर भाजी निवडीत त्या मोजते. काल चुकलेल्या उड्या दोन होत्या.